साऊंडचा धंदा : यंत्र पारखून घ्या, करार वाचून सोडा

पनवेल आणि आसपासच्या तळोजा, कळंबोली, करंजाडे भागात लग्नसराई, हळदी आणि गणेशोत्सव यांवर ज्यांची चूल पेटते, अशा व्यावसायिकांत आता डीजे आणि साऊंडवाल्यांची मोठी भर पडली आहे. वरून पाहता हा एका तरुणाचा धंदा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्यामागे बॉक्स बनविणारा सुतार, स्टँड जोडणारा वेल्डर, जळालेली कॉइल बदलणारा कारागीर, जनरेटरवाला, मंडपवाला आणि टेम्पोचालक असे अनेक जण उभे असतात. यांपैकी कित्येक कामे आपल्या वाचकांच्या हातात आहेत. म्हणून या धंद्यातील दोन प्रश्नांचा विचार आम्ही आज करीत आहोत. यंत्रसामग्री कशाच्या आधारे निवडावी, हा पहिला. एखाद्या कंपनीची जाहिरात करण्याचा करार केला असेल, तर तो नुकसान न होता, नाव न घालविता कसा संपवावा, हा दुसरा.

हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण ते एकाच गाठीत बांधलेले आहेत. यंत्र चुकीचे निवडले की स्वस्तात माल देणाऱ्या कंपनीचा करार गोड वाटू लागतो. आणि करार केला की पुढचे यंत्र निवडण्याचा हक्कच हातातून जातो.

नावाला भुलू नका

आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला सर्रास ‘डॉल्बी’ म्हणतात. सुपारी देणारा गिऱ्हाईकही विचारतो, ‘डॉल्बी आहे का?’ खरी गोष्ट अशी की, रे डॉल्बी यांनी १९६५ साली सुरू केलेल्या डॉल्बी लॅबोरेटरीजचे नाव गाजले ते ध्वनिफितीमधील खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. पुढे चित्रपटगृहांतील ध्वनीच्या पद्धतींमुळे ते घरोघर पोचले. चौकात उभ्या राहणाऱ्या त्या भिंतीचा या कंपनीशी संबंध नाही. म्हणजे खरखर कमी करणाऱ्याचे नाव आपण गोंगाटाला देऊन बसलो!

यातून धडा घ्यावा तो हा की, नाव म्हणजे माल नव्हे. नावे राहतात आणि मालक बदलतात. जेबीएल हे नाव १९४६ पासूनचे. ज्या हर्मन कंपनीकडे ते आहे, ती कंपनी २०१७ साली सॅमसंगने विकत घेतली. पायोनियरचा डीजे विभाग २०१५ साली केकेआर या गुंतवणूक कंपनीकडे गेला आणि २०२० साली जपानच्या नोरित्सु कंपनीकडे. टेक्निक्सचे एसएल-१२०० हे तबकडी वाजविण्याचे यंत्र १९७२ साली आले, जगभर त्याचा बोलबाला झाला, तरीही २०१० साली त्याचे उत्पादन थांबले आणि २०१६ साली पुन्हा सुरू झाले. दुकानदार जेव्हा ‘नाव बघा, नाव’ म्हणतो, तेव्हा आपण विचारावे : सुटा भाग कोठे मिळेल? दुरुस्ती किती दिवसांत होईल? बदली यंत्र देणार का? दिल्लीच्या अहुजा कंपनीची, १९४० पासून चालत आलेली यंत्रे गावोगावच्या मशिदी, शाळा आणि सभामंडपांत दिसतात. त्यामागे आवाजाइतकेच हेही कारण आहे की तालुक्याच्या कारागिराला ती उघडता येतात.

आधी मैदान पाहा, मग वॉट मोजा

बहुतेक तरुण वॉट पाहून खरेदी करतात. बॉक्सवर मोठा आकडा छापलेला असतो, तो बहुधा क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो. उपयोगाचा आकडा तो, जो सलग चालण्यासाठी दिलेला असतो आणि ज्याला आरएमएस म्हणतात. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हीकडचा हाच आकडा घ्यावा.

आता एक साधा हिशेब. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ५०० वॉटच्या जागी १,००० वॉट लावले, पैसे दुप्पट गेले, पण ऐकणाऱ्याला थोडासाच फरक जाणवतो. कानाला आवाज दुप्पट वाटावा, तर सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. उलट, मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो.

हा हिशेब कायद्याशी जोडून पाहिला की डोळे उघडतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, आणि व्यापारी भागात दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल अशी मर्यादा आहे. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावला असेल, तर त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढाच आवाज चालतो. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५ डेसिबल. आता समजा, आपल्या टॉपची क्षमता एका वॉटला, एक मीटरवर ९७ डेसिबल आहे. ३२ मीटरवर, म्हणजे अंतर पाच वेळा दुप्पट झाल्यावर, ३० डेसिबल वजा होऊन ६७ डेसिबल राहतात. एकाच वॉटवर मर्यादा ओलांडली गेली! मग दहा हजार वॉटची भिंत कोणासाठी उभी करावयाची?

म्हणून आमचे सांगणे असे की, एका टोकाला मोठी भिंत उभारण्याऐवजी लहान बॉक्स माणसांच्या जवळ, जास्त ठिकाणी, खाली तोंड करून लावावेत. आतल्या पाहुण्यांना आवाज स्पष्ट मिळतो आणि हद्दीबाहेर कमी जातो. सर्व आवाजाला वरची मर्यादा घालणारे लिमिटर बसवून घ्यावे. त्याने कॉइलही वाचते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये, कोणत्याही धर्माच्या प्रार्थनास्थळाचा अपवाद न करता, ध्वनिक्षेपकातच आवाजाची मर्यादा बसविण्याची व्यवस्था व्हावी असे बजावले आहे. उद्या मशिदीची कमिटी किंवा मंडळ ज्याला बोलावील, तो हे काम जाणणाराच असेल. आजच शिकून ठेवलेले बरे.

हा धोका कल्पनेतला नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये, ऐन विसर्जनाच्या तोंडावर, साऊंड व लाइट व्यावसायिकांची ‘पाला’ ही संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. पोलिसांच्या बंदीपासून तात्पुरता दिलासा द्यावा, ही तिची मागणी न्यायालयाने नाकारली. ज्यांनी केवळ मिरवणुकीसाठी कर्ज काढून भिंती घेतल्या होत्या, त्यांचा हंगाम बुडाला. ज्यांची यंत्रे सभागृहात, लग्नात आणि सभेतही चालत होती, त्यांचे भागले. यंत्र घेताना हाच प्रश्न पहिला असावा : हे यंत्र किती प्रकारच्या कामांना चालेल?

खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट ओहमची. आठ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की चार ओहम होतात, चार बॉक्स जोडले की दोन. अॅम्प्लिफायर चार ओहमपर्यंतच चालणारा असेल आणि आपण चार बॉक्स टांगले, तर तो तापून जळणारच. दोष कंपनीचा नसून जोडणाऱ्याचा असतो.

दुसरी गोष्ट बॉक्सची. चांगल्या प्लायचा, आतून नीट आधार दिलेला बॉक्स आपला सुतारही बनवू शकतो. परंतु आतले माप आणि हवेच्या भोकाचे माप स्पीकर बनविणाऱ्याने दिलेल्या आकड्याप्रमाणेच हवे. नजरेने माप घेतलेल्या बॉक्समधून नुसता घुमारा निघतो आणि बदनामी कारागिराची होते.

तिसरी गोष्ट वीज. अर्थिंग नसलेल्या मंडपात लाखाचे यंत्र आणि कामगाराचा जीव, दोन्ही पणाला लागतात. खर्चाच्या यादीत केबल, अर्थिंग आणि सुरक्षेचे स्विच हे शेवटी नव्हे, प्रारंभी लिहावेत.

चौथी गोष्ट वाजविण्याच्या यंत्राची. पायोनियरचे सीडीजे-१००० हे यंत्र २००१ साली आले आणि तबकडीवर हात बसलेले लोकही सीडीकडे वळले. आज मोठ्या सभागृहांत व क्लबांत याच घराण्याची यंत्रे बहुधा बसविलेली असतात. बाहेर वाजवावयास जाणाऱ्याने त्यांवर हात बसविलाच पाहिजे. पण विकत घेतलेच पाहिजे असे नाही. जे यंत्र महिन्यातून दोनदा लागते, ते भाड्याने आणावे. जे आठवड्यातून दोनदा लागते, ते घ्यावे. समजा एक यंत्र तीन लाखांचे आहे, चार वर्षांनी ते एक लाखाला विकले जाईल. म्हणजे वर्षाला पन्नास हजारांची झीज. दुरुस्तीचे दहा हजार धरा. भाडे एका दिवसाचे दोन हजार असेल, तर वर्षाला तीसपेक्षा अधिक दिवस ते लागत असेल तरच खरेदी परवडते. हा हिशेब कागदावर मांडावा, दुकानात उभे राहून नव्हे.

फुकट मिळालेल्या मालाची किंमत

आता कराराकडे वळू. डीजेचे नाव जरा झाले की एखादी कंपनी किंवा तिचा विक्रेता येतो. कधी सवलतीत माल, कधी नमुन्याचे यंत्र, कधी रोख. बदल्यात टेम्पोवर व स्टेजवर कंपनीचा फलक, मोबाइलवर चित्रफिती आणि ‘दुसऱ्या कंपनीचा माल वापरणार नाही’ अशी अट.

पनवेलच्या एका तरुणाने आम्हाला आपला हिशेब दाखविला. दोन लाख चाळीस हजारांचे बॉक्स त्याला साठ हजार कमी देऊन मिळाले. करार एक वर्षाचा होता, पण मुदतीच्या साठ दिवस आधी लेखी कळविले नाही तर तो आपोआप आणखी एक वर्ष वाढेल, असे शेवटच्या पानावर होते. ती तारीख पहिल्या वर्षी हुकली. दोन वर्षांत सहा सुपाऱ्या त्याला सोडाव्या लागल्या, कारण गिऱ्हाइकाला वेगळी सामग्री हवी होती. प्रत्येकी बारा हजारांचा नफा धरला तरी बहात्तर हजार झाले. साठ हजारांच्या सवलतीने बहात्तर हजार खाल्ले. शिवाय ऐन लग्नसराईत दोन कॉइल जळाल्या. दुरुस्ती कंपनीच्याच केंद्रात करावयाची, असे कलम होते, आणि तेथे तीन आठवडे लागले. तोवर त्याने ओळखीच्या माणसाचे बॉक्स भाड्याने आणले आणि नाव दिसू नये म्हणून त्यांवर काळे कापड बांधले. तो म्हणाला, ‘आवाजाची चिंता नव्हती, कोणी फोटो काढेल याची होती.’

यात कंपनीने फसविले असे आम्ही म्हणणार नाही. कागदावर सर्व लिहिलेले होते. वाचले नव्हते, एवढेच. देण्याघेण्याचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. लिहिलेले वाचावे, हे तिच्यातच आले.

न्यायालयांनी काय म्हटले?

करार सोडावयाचा म्हटला की धमकी येते : ‘पुढेही दुसऱ्याची जाहिरात करता येणार नाही.’ याबाबत आपल्याच महाराष्ट्रातले एक प्रकरण प्रत्येक व्यावसायिकाने लक्षात ठेवावे. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याने २००० सालच्या ऑक्टोबरअखेर परसेप्ट डीमार्क या कंपनीशी जाहिरातीचे हक्क सांभाळण्याचा तीन वर्षांचा करार केला. त्यात असे कलम होते की, मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला तर तो आधी या कंपनीला दाखवावा आणि तिने तेवढेच देऊ केले तर तिलाच द्यावा. मुदत संपली आणि झहीरने दुसऱ्या संस्थेकडे जाण्याचे ठरविले. कंपनी न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी प्रथम कंपनीच्या बाजूने मनाई दिली. खंडपीठाने डिसेंबर २००३ मध्ये ती उठविली. आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचेच म्हणणे उचलून धरले. मुदतीनंतर माणसाचा धंदा बांधून ठेवणारी अट १८७२ च्या करार कायद्यातील कलम २७ प्रमाणे टिकत नाही, हा त्याचा सारांश.

पण दुसरी बाजूही पाहावी. १९९५ साली गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोला यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, करार चालू असेपर्यंत ‘दुसऱ्याचा माल करणार नाही’ ही अट धंद्यावरील बेकायदेशीर बंधन ठरत नाही. म्हणजे तात्पर्य असे : मुदतीच्या आत दिलेला शब्द पाळावा लागतो, मुदत संपल्यावर कोणी दार अडवू शकत नाही. मधल्या काळात कंपनीचा माल घेऊन प्रतिस्पर्ध्याचा फलक लावणे हे कायद्यातही बसत नाही आणि सचोटीतही नाही.

दंडाच्या आकड्यालाही घाबरू नये. ‘करार मोडल्यास पाच लाख’ असे लिहिले म्हणून पाच लाख आपोआप द्यावे लागत नाहीत. कलम ७४ प्रमाणे न्यायालय त्या आकड्याच्या आत राहून वाजवी भरपाईच देते.

करार कसा संपवावा?

१) प्रथम करार पुन्हा वाचून तीन तारखा कॅलेंडरवर लिहाव्यात : मुदत संपण्याची, सूचना देण्याची आणि माल परत करण्याची.

२) सूचना लेखी द्यावी, स्पीड पोस्टने पाठवावी, पोच जपून ठेवावी. फोनवरचे ‘ठीक आहे’ पुराव्याला चालत नाही. पत्र चार ओळींचे पुरे : कोणत्या तारखेचा करार, कोणत्या कलमाप्रमाणे, कोणत्या दिवसापासून संपवीत आहोत, आणि कोणता माल कोठे परत देणार.

३) मुदतीपूर्वीच सोडणे भाग असेल तर भांडू नये. एकत्र बसून हिशेब करावा. उरलेल्या महिन्यांची सवलत परत देऊन दोघांच्या सहीने करार रद्द करून घ्यावा. हाच सर्वांत स्वस्त मार्ग असतो.

४) नमुन्याचे यंत्र परत देताना त्याचे फोटो काढावेत आणि पावती घ्यावी. ठेवून घेतले असेल तर कर लक्षात घ्यावा. धंद्यात मिळालेली भेट वर्षात वीस हजारांपेक्षा अधिक किमतीची असेल, तर देणाऱ्याने दहा टक्के कर कापावा, असा नियम १ जुलै २०२२ पासून आला आहे. वापरून परत दिलेले यंत्र भेट धरले जात नाही.

५) टेम्पोवरील, पत्रिकेवरील आणि मोबाइलवरील कंपनीची चिन्हे ठरलेल्या दिवशी काढावीत. जुन्या चित्रफिती राहणार की जाणार, हे पत्रातच स्पष्ट करावे.

६) सोडलेल्या कंपनीची निंदा चौकात करू नये. आज वाईट म्हणालात, तर काल चांगले का म्हणत होता, असे गिऱ्हाईक विचारील. हा प्रश्न केवळ अब्रूचा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल, जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा चूक केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण खात्री करून घेतली होती, हे दाखविता आले तरच सुटका. २०२२ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे, कंपनीशी आपला देण्याघेण्याचा संबंध असेल तर तो लोकांना सांगावा लागतो. म्हणून न वापरलेल्या यंत्राची स्तुती करू नये आणि माल फुकट मिळाला असेल तर तसे सांगावे.

मोठे लोकही यंत्र बदलतात. २०१७ साली डेनॉन डीजे या कंपनीने नामांकित कलावंतांना आपल्या मागणीपत्रातील यंत्र बदलण्याचे जाहीर आवाहन केले आणि टिएस्टोसारखा जगप्रसिद्ध डीजे तिच्याकडे गेला. पण त्यांच्याजवळ वकील असतो आणि नवे यंत्र पाठविणारी कंपनीही. आपल्याजवळ असते ती फक्त पुढची सुपारी. ती हातची जाऊ नये, एवढे आपण पाहावे.

शेवटी

त्या तरुणाने दुसऱ्या वर्षी तारीख चुकविली नाही. सूचना वेळेत गेली, फलक उतरला, पावती मिळाली. विशेष म्हणजे त्याच विक्रेत्याकडून तो आजही केबल आणि अॅम्प्लिफायर घेतो, पूर्ण किमतीला, आणि बॉक्स मात्र आपल्या पसंतीचे वापरतो. करार संपला, ओळख राहिली. व्यापारात याहून चांगला शेवट दुसरा नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या कपाटात असा एखादा करार पडून आहे, त्यांनी आज संध्याकाळी तो काढावा आणि शेवटचे पान आधी वाचावे.